मणक्याच्या दुखण्याची डिसॅबिलिटी पेन्शन: दावा फेटाळला किंवा टक्के कमी लागले, तर अपील कसं करायचं

रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या कार्यालयाचं, नकाराचं पत्र आलं की बहुतेक माजी सैनिक आधी दुखण्यावर अर्ज लिहायला बसतात. रात्री झोप लागत नाही, वाकता येत नाही, शेतात काम होत नाही, असं दोन पानं भरून जातं आणि काही महिन्यांनी तोच नकार पुन्हा घरी येतो. कारण दुखतं की नाही, याबद्दल अपील तपासणाऱ्या समितीला सहसा शंकाच नसते. नकार येतो तो मेडिकल बोर्डाच्या कागदावरच्या एखाद्या रकान्यामुळे. तो रकाना कोणता हे कळल्याशिवाय पेन उचलू नये.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधून फौजेत गेलेल्यांची संख्या मोठी आहे आणि निवृत्तीनंतर कमरेचं दुखणं घेऊन आलेलेही बरेच आहेत. पुढची माहिती भूदल, नौदल आणि हवाईदलातल्या जवानांसाठी आहे. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांची वाट वेगळी आहे, ती पुढे सांगितली आहे.

नकार कशावर आहे ते आधी बघा

डिसॅबिलिटी पेन्शन मिळायला दोन गोष्टी लागतात. दुखणं सेवेमुळे झालेलं असावं किंवा सेवेमुळे वाढलेलं असावं, ही पहिली. अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त असावं, ही दुसरी. रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीच्या, एएफएमएसएफ-१६ या फॉर्मात दोन्हींसाठी वेगवेगळे रकाने असतात. पहिल्यात ‘ॲट्रिब्युटेबल’ (सेवेमुळे झालेलं), ‘ॲग्रॅव्हेटेड’ (सेवेमुळे वाढलेलं) किंवा दोन्ही नाही, म्हणजे फौजी भाषेत ‘नाना’, असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यात टक्के आणि मुदत असते.

पाठीच्या प्रकरणांत साधारण चार तऱ्हा दिसतात. टक्के २० किंवा ३० आहेत, पण ‘नाना’ लिहिलंय. संबंध मान्य आहे, पण टक्के ११ ते १४ किंवा १५ ते १९ लिहिलेत. इथे ‘एका टक्क्याने हुकलं’ म्हणून कुणी दया दाखवत नाही, हाती शून्यच येतं. तिसरी तऱ्हा म्हणजे दोन्ही रकाने विरोधात. चौथीत पेन्शन चालू आहे, फक्त २० टक्क्यांवरच मिळतेय, ५० वर नेलेली नाही. या चौथ्या प्रकारात अपिलाची गरजच नसते, नुसतं निवेदन पुरतं. त्याचा हिशेब खाली आहे.

बोर्ड आउट होऊन, म्हणजे मुदत संपण्याआधी मेडिकलवर घरी पाठवले गेलेल्यांसाठी एक जास्तीचा आधार आहे. सुखविंदर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१४ साली म्हटलं की जवानाला अपंगत्वामुळे सेवेतून काढलं असेल, तर ते २० टक्क्यांच्या वरचं होतं असंच धरायला हवं. आपल्या मागणीवर आलेल्यांचं, म्हणजे प्रीमॅच्युअर घेतलेल्यांचं, ‘स्वतःहून आलात, मिळणार नाही’ असं सांगून परत पाठवणं चालायचं. १ जानेवारी २००६ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी ती अडचण २९ सप्टेंबर २००९ च्या सरकारी पत्राने काढली आहे.

निवृत्ती २१ सप्टेंबर २०२३ नंतरची असेल तर जरा थांबा. त्या तारखेपासून नवे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे हक्क ठरवण्याचे नियम, लागू आहेत. दुखणं असूनही सेवा पूर्ण करून आलेल्यांना त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ नावाचा वेगळा लाभ आहे. जुन्या नियमांवरचे निकाल नव्या प्रकरणात जसेच्या तसे चिकटवले तर समिती त्याच मुद्द्यावर अपील उडवते.

कागद

अपिलाचं निम्मं काम इथेच होतं. जवळ हवेत: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, नकाराचं पत्र, एएफएमएसएफ-१६ ची पूर्ण प्रत (पहिलं आणि शेवटचं पान नव्हे, सगळी पानं), भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद, कॅटेगरी (वैद्यकीय श्रेणी) ठरवणाऱ्या बोर्डांचे एएफएमएसएफ-१५, मिलिटरी हॉस्पिटलच्या केस शीट आणि डिस्चार्ज स्लिपा. पडून, गाडी उलटून किंवा ट्रेनिंगमध्ये इजा झाली असेल तर आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची कारवाई.

यातलं जे घरी नाही ते माहिती अधिकारात मागवा. अर्ज आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. झेरॉक्सचे पानाला २ रुपये ते नंतर कळवतात. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. ‘माझी सर्व मेडिकल कागदपत्रं द्या’ असं मोघम मागितलं की मोघमच येतं. फॉर्मचं नाव, आर्मी नंबर, हॉस्पिटलचं नाव आणि तिथे दाखल झाल्याची तारीख लिहून एकेक कागद मागा. केस शीट बऱ्याचदा रेकॉर्ड ऑफिसकडे नसते, त्या हॉस्पिटलकडे असते. तेव्हा दोन ठिकाणी दोन वेगळे अर्ज करावेत. जुनी केस शीट नष्ट केल्याचं उत्तर आलं तर तेही जपून ठेवा. रेकॉर्ड सरकारने गमावलं, जवानाने नाही, हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

सहा महिन्यांचा हिशेब

नकाराच्या पत्रापासून ६ महिन्यांत पहिलं अपील, ते ‘अपेलेट कमिटी ऑन फर्स्ट अपील्स’कडे. तिथे नकार आला तर पुन्हा ६ महिन्यांत दुसरं, ‘सेकंड अपेलेट कमिटी ऑन पेन्शन’कडे. दोन्ही अपिलं रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातात, थेट दिल्लीला पाठवू नका. नाविकांसाठी ब्यूरो ऑफ सेलर्स, मुंबई. वायुसैनिकांसाठी डायरेक्टोरेट ऑफ एअर व्हेटरन्स, सुब्रोतो पार्क, दिल्ली.

माहिती अधिकाराचे कागद यायला वेळ लागतो म्हणून अपील लांबवू नका. मुदत संपत आली असेल तर हाती आहे तेवढ्यावर अपील टाका आणि ‘पूरक कागद मिळताच सादर करीन’ असं त्यात लिहा. मुदत आधीच उलटली असेल तर अपिलासोबत उशिराचं कारण सांगणारा वेगळा अर्ज द्या. नकाराचं पत्र नेमकं कधी हाती पडलं ते लिहा. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं, हे खेडेगावात नेहमी घडतं आणि पोस्टाच्या नोंदीवरून दाखवता येतं. स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगचा प्रिंट एकत्र स्टेपल करून ठेवा. ट्रॅकिंग काही आठवड्यांनी दिसेनासं होतं.

‘नाना’ विरुद्धचं अपील

बोर्डाने कारण काय दिलंय ते शब्दशः उतरवून घ्या. पाठीच्या बाबतीत ठरावीक कारणं येतात: ‘डिजनरेटिव्ह’ म्हणजे वयाने होणारी झीज आहे, ‘कॉन्स्टिट्यूशनल’ म्हणजे शरीराच्या ठेवणीमुळे आहे, दुखणं पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या शांत छावणीत) सुरू झालं, फील्ड किंवा हाय अल्टिट्यूडच्या सेवेशी ‘क्लोज टाइम असोसिएशन’ म्हणजे वेळेचा जवळचा संबंध नाही. काही वेळा कारणच नसतं, नुसती ‘नो’वर खूण असते. कारण नसणं हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. धरमवीर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं आहे की भरतीच्या वेळी कागदावर दोष नोंदलेला नसेल तर दुखणं सेवेतूनच आलं असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर आहे, आणि मेडिकल बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत.

पण एवढ्यावर थांबू नका. निकालाचं नाव सगळेच लिहितात. समितीला वेगळं काही दिसतं ते तुमच्या कामात. ड्रायव्हर असाल तर किती वर्षं कोणती गाडी, कोणत्या सेक्टरमध्ये. तोफखान्यात असाल तर १५५ मिलिमीटरचा गोळा सुमारे ४३ किलोचा असतो, तो कितीदा उचलला जातो ते सांगा. पायदळात मोर्टार प्लाटूनला असाल तर बेस प्लेट पाठीवर घेऊन केलेल्या चढाया. पोस्टिंगची तारीखवार यादी डिस्चार्ज बुकवरून करा आणि तिच्याशेजारी ‘पहिल्यांदा एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) कधी दाखवलं’ ही तारीख ठेवा. बहुतेकदा दिसतं की दुखणं पीस स्टेशनला ‘नोंदलं’ गेलं, कारण हॉस्पिटल तिथे होतं, आणि वर त्याआधीच्या पोस्टवर गोळ्या खाऊन दिवस काढलेले असतात. पोस्टवरच्या आरएमओने (युनिटच्या डॉक्टरने) दिलेल्या एखाद्या ‘लाइट ड्यूटी’च्या चिटोऱ्याला इथे सोन्याचं मोल येतं.

मुद्दा कसा मांडावा याचा एक नमुना बघा:

‘भरतीच्या वैद्यकीय तपासणीत माझ्या मणक्यात दोष नोंदलेला नाही (जोडपत्र १). त्यानंतर ९ वर्षे मी गन नंबर म्हणून काम केले, त्यात २ कार्यकाळ फील्डमध्ये (जोडपत्र २). कंबरदुखीची पहिली नोंद दुसऱ्या फील्ड कार्यकाळात आहे (जोडपत्र ३). कॅटेगरी खाली आल्यानंतरही मला ड्यूटीवर ठेवण्यात आले आणि पुढील एमआरआयमध्ये एल-४/एल-५ ची गादी अधिक सरकलेली दिसते (जोडपत्र ४, ५). बोर्डाने ‘डिजनरेटिव्ह’ एवढेच लिहिले आहे. ३१ व्या वर्षी ही झीज सेवेशिवाय कशी झाली, याचे कारण दिलेले नाही.’

एका वाक्याला एक जोडपत्र, हा हिशेब पाळला की अपील दीड पानात बसतं. अपील हिंदीत किंवा इंग्रजीत द्या, मराठी अर्ज भाषांतरासाठी पडून राहतो. नमुन्यातला चौथा मुद्दा बारकाईने बघा. दुखणं सेवेमुळे ‘झालं’ हे सिद्ध करणं कठीण वाटत असेल तर सेवेमुळे ‘वाढलं’ एवढं दाखवलं तरी चालतं, पेन्शन तीच मिळते. अपिलात दोन्ही मागा: आधी ॲट्रिब्युटेबल, ते मान्य नसेल तर ॲग्रॅव्हेटेड.

अंकायलोझिंग स्पॉन्डिलायटिससारखा (मणके आखडत जाण्याचा) आजार असेल तर ‘झालं’ यावर फार जोर देऊ नये. तो आनुवंशिक म्हणून बोर्ड चटकन बाजूला सारतं. वाढण्याचाच मुद्दा धरावा. उलट मणक्याचं फ्रॅक्चर असेल आणि इंज्युरी रिपोर्टवर ‘ऑन ड्यूटी’ लिहिलेलं असेल, तर त्या एका कागदावर अपील उभं राहतं.

टक्क्यांविरुद्धचं अपील

इथे एमआरआयचा गैरसमज मोठा आहे. रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ लिहिलंय म्हणून टक्के वाढत नाहीत. चाळिशीपुढच्या, दुखणं नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही बल्ज दिसतो. टक्के लागतात ते शरीर काय करू शकत नाही यावर. म्हणून जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या ऑर्थो किंवा न्यूरो तज्ज्ञाकडून ताजी तपासणी करून घ्या आणि कागदावर मोजमापं लिहून मागा: पाय सरळ ठेवून किती अंशांवर कळ येते, कमरेतून किती वाकता येतं, पायाच्या अंगठ्याची आणि घोट्याची ताकद, घोट्याचा रिफ्लेक्स, कुठे बधिरपणा आहे, दोन्ही पोटऱ्यांचा घेर सेंटिमीटरमध्ये. नस दबल्याची शंका असेल तर ईएमजी-एनसीव्ही ही नसांची तपासणी. ‘पेशंटला तीव्र त्रास आहे, पेन्शन द्यावी’ असं सर्टिफिकेट डॉक्टर प्रेमाने देतात, पण त्याचा उपयोग नाही.

समिती ॲपील मेडिकल बोर्ड लावू शकते. त्यासाठी मिलिटरी हॉस्पिटलला जावं लागतं. तारखेच्या आदल्या दिवशीच पोचा. रात्रभर बसून प्रवास करून सकाळी बोर्डासमोर उभं राहणं पाठीला जड जातं. सगळे मूळ कागद, एमआरआयच्या फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे) आणि चालू गोळ्यांची यादी सोबत ठेवा. गोळ्या बंद करून जाऊ नका, कोणत्या चालू आहेत ते सांगा.

डॉक्टरांना ‘कंबर दुखस’ एवढंच सांगून भागत नाही. कळ कुठून निघते, मांडीमागून उतरते की बाजूने, बोटांपर्यंत जाते का, किती मिनिटं उभं राहिल्यावर बसावं लागतं, मोटारसायकलवर किती किलोमीटर जमतं, हे सांगावं. आणि वाढवून अजिबात सांगू नये. पाठीवर झोपवून पाय उचलताना ३० अंशांवर ओरडणारा माणूस खुर्चीवर बसून गप्पा मारताना तोच पाय सरळ करतो का, हे डॉक्टर सहज तपासून घेतात. डोक्यावर हलका दाब देऊन ‘कंबर दुखली का’ असंही विचारतात. त्याने कंबर सहसा दुखत नाही. एकदा ‘अतिशयोक्ती’ असा शेरा पडला की खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्रानंतर बोर्डाने ठरवलेले टक्के आयुष्यभरासाठी धरले जातात. जवानाने स्वतः मागितला तर रिव्ह्यू बोर्ड एकदाच होतो आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. टक्के वाढू शकतात तसे कमीही होऊ शकतात. २० टक्के मिळत असतील आणि ऑपरेशननंतर पाय बरा चालत असेल, तर रिव्ह्यू मागणं शहाणपणाचं नाही. मिळतं ते जायची वेळ येते.

एक गोष्ट अपिलाबाहेरची, पण महत्त्वाची: लघवी अडकली, ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा दोन्ही पाय लुळे पडायला लागले, तर कागद बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

२० चे ५० कसे होतात

१ जानेवारी १९९६ पासून टक्के वरच्या टप्प्यावर न्यायची तरतूद आहे, तिला ब्रॉड बँडिंग म्हणतात. ५० पेक्षा कमी असलेल्यांचे ५०, ५० ते ७५ असलेल्यांचे ७५, ७६ ते १०० असलेल्यांचे १००. सुरुवातीला ती फक्त बोर्ड आउट झालेल्यांसाठी होती. राम अवतार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या डिसेंबरमध्ये सेवा पूर्ण करून आलेल्यांनाही ती लागू केली.

रकमेचा हिशेब सोपा आहे. २०१६ पासून १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळतं. पगारात मूळ वेतनासोबत मिलिटरी सर्व्हिस पे धरला जातो. समजा तो पगार ४५,००० रुपये आहे. १०० टक्क्यांना १३,५०० होतात. २० टक्क्यांना २,७०० आणि ५० टक्क्यांना ६,७५०. वर महागाई भत्ता. पीपीओवर २,७०० च्या आसपासचा आकडा असेल, तर तुमचं ब्रॉड बँडिंग झालेलं नाही. रेकॉर्ड ऑफिसला पीपीओची प्रत जोडून निवेदन द्या आणि स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर ग्रीव्हन्सही (तक्रार) टाका. तिकीट नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा.

मुंबईचं ट्रिब्युनल

अपील फेटाळलं, किंवा ६ महिने उलटूनही उत्तर नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलांतले सेवेचे वाद ऐकणारं न्यायाधिकरण. महाराष्ट्र मुंबई खंडपीठाकडे आहे आणि निवृत्त माणूस राहतो त्या ठिकाणच्या खंडपीठात अर्ज करू शकतो, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिस सागरला असलं तरी सागरकडे जायचं कारण नाही. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांची मुदत आहे. उत्तरच आलं नसेल तर वाट पाहण्याचे ६ महिने संपल्यापासून पुढचे ६ महिने. त्यानंतर गेलात तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडावा लागतो. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून उशीर बहुधा माफ होतो, पण थकबाकीवर कात्री लागू शकते. तरसेम सिंग प्रकरणातल्या २००८ च्या निकालाचा आधार घेऊन ती अर्जाआधीच्या ३ वर्षांपुरती मर्यादित केली जाऊ शकते. १५ वर्षं थांबलेल्याचं नुकसान इथे होतं.

वकील पेन्शनच्या प्रकरणांतला असावा. ‘आधी काही नको, थकबाकीतले निम्मे द्या’ म्हणणारे एजंट तालुक्याच्या गावापर्यंत फिरतात. वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जा. तिथे अर्ज लिहायला आणि पुढे पाठवायला मदत मिळते. नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तीत सैनिक बोर्डांमधून मोफत कायदेशीर मदत द्यायची आहे. आपल्या जिल्ह्यात ती कोणत्या वारी चालते ते तिथेच विचारा.

निमलष्करी दलांतल्या जवानांना या ट्रिब्युनलचा उपयोग नाही. त्यांना असाधारण पेन्शनचे नियम लागतात, दाद आधी आपल्या दलाकडे आणि मग हायकोर्टात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात.

निकाल बाजूने लागला तरी पैसे आपोआप बरोबर येत नाहीत. कॉरिजेंडम पीपीओ, म्हणजे दुरुस्त केलेला पेन्शन आदेश, स्पर्शवर उतरला की त्यात चार गोष्टी तपासा: टक्के ब्रॉड बँडिंग करून धरलेत का, लाभ कोणत्या तारखेपासून आहे, ‘फॉर लाइफ’ लिहिलंय का, आणि महागाई भत्ता त्या तारखेपासून जोडला आहे का. आदेशात व्याज दिलं असेल तर ते वेगळं मोजून बघा, तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.